तण उगवण्यापूर्वी

खानापूर तालुक्यातील एका लहानशा गावाहून एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे आले आहे. पत्र चार पानी असून त्यात घरची खुशाली, काजूचे पीक व नातवाचे दात यांचाही समाचार आहे. तो भाग आम्ही येथे गाळतो. मुद्द्याचा भाग असा. त्यांच्या गावच्या चर्चसमोर व मागील दफनभूमीत तीन वर्षांपूर्वी हरळी लावण्यात आली. पहिल्या वर्षी ती डोळे निवावेत अशी वाढली. दुसऱ्या पावसाळ्यात तीत केना, दुधी, माठ आणि गाजरगवत शिरले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर हरळी शोधून काढावी लागू लागली, आणि २ नोव्हेंबरच्या मृतजनांच्या स्मरणदिनी या बाईंना आपल्या यजमानांच्या थडग्यापर्यंत पोहोचण्यासाठी हाती विळा घ्यावा लागला.

आता गावातील तरुण मंडळींनी असे योजिले आहे की, यंदा पाऊस पडून तण वर येताच तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन सारे आवार फवारून काढावे. दफनभूमीच्या उताराखाली विहीर आहे व पाच घरांचे पिण्याचे पाणी तिच्यावर चालते. आवारात मुले खेळतात. बाईंच्या कोंबड्याही तेथेच चरतात. बाईंचा मुलगा अमेरिकेत आयोवा राज्यात नोकरीस आहे. त्याने कळविले की, तिकडे मक्यापासून निघणारी एक पिवळी पूड हिरवळीवर पसरतात, तिच्यामुळे तण मुळी उगवतच नाही, आणि कोंबडीने ती खाल्ली तरी कोंबडीला काही होत नाही. “ही गोष्ट खरी, की परदेशी बाजारातील थाप? खरी असेल तर सभेत मी काय सांगू?” असे बाई विचारतात.

गोष्ट खरी आहे, परंतु अर्धी. कोणती अर्धी खरी, हे समजून घेतल्यावाचून बाईंनी सभेत तोंड उघडू नये, एवढे आम्ही प्रथमच सांगून ठेवतो. कारण सभेत अर्धे सत्य सांगणाऱ्याची जी फजिती होते ती संपूर्ण असत्य सांगणाऱ्याचीही होत नाही.

प्रथम तण येते कोठून ते पाहू. सामान्यतः आपली अशी समजूत असते की, तणाचे बी वाऱ्याने, गुरांच्या शेणातून किंवा शेजाऱ्याच्या आळसातून आपल्या आवारात येते. तसे ते येतेही. परंतु जे तण आज उगवले आहे त्याचा मोठा भाग आपल्याच मातीत कैक वर्षे निजून राहिलेला असतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली एक मोठा धीराचा प्रयोग मांडला. त्याने वीस बाटल्यांत ओलसर वाळू भरली, तीत वीसेक प्रकारच्या रानटी झाडांच्या बिया मिसळल्या आणि त्या बाटल्या जमिनीत पुरून टाकल्या. ठराविक वर्षांनी एक बाटली काढावी, बी पेरून पाहावे, किती उगवते ते लिहून ठेवावे, असा नेम ठरला. प्रारंभी हा अवधी पाच वर्षांचा होता, मग दहा वर्षांचा करण्यात आला आणि पुढे वीस वर्षांचा. बील वारला, त्याचे शिष्य वारले, शिष्यांचे शिष्यही वृद्ध झाले. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी, एक बाटली उकरून काढली, तेव्हा तीतील बियांपैकी काही पुन्हा उगवल्या! त्या एका विशिष्ट झाडाच्या होत्या, सगळ्यांच्या नव्हत्या; तरीही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढची बाटली २०४० साली निघावयाची आहे.

म्हणून आवारातील तण एकदा उपटले अथवा जाळले, म्हणजे काम संपले असे कोणी मानू नये. वरचे गेले की खालचे आपली पाळी पाहत असते. माठासारख्या बारीक बियांच्या पुष्कळ तणांना उगवण्यासाठी उजेडाची थोडी चाहूल लागते. आपण कुदळ मारून माती वरखाली केली की खालची बी वर येते, तिला उजेड मिळतो, पाऊस मिळतो. मग ती कशाला निजून राहील? उत्साही मंडळी जितके खणतात तितके तण वाढते, असा जो अनुभव कित्येकांना येतो त्याचे कारण हेच आहे.

तण उगवल्यानंतर मारण्यापेक्षा उगवतानाच त्याला अडवावे, ही कल्पना येथून निघते. शेतकऱ्यांत ती नवी नाही. कांदा, भुईमूग, सोयाबीन यांची पेरणी झाल्याबरोबर पेंडिमेथॅलिनसारखे औषध जमिनीवर फवारतात, ते याच जातीचे. त्याचा थर मातीच्या वरच्या भागात राहतो आणि कोंब फुटत असतानाच तणाचा जीव घेतो. आयोवाची पिवळी पूड हेच काम औषधावाचून करते असा तिचा लौकिक आहे. तो लौकिक तिला कसा मिळाला ती हकीकत मोठी मजेची आहे.

आयोवा म्हणजे मक्याचा प्रदेश. तेथील राज्य विद्यापीठात निक ख्रिश्चन्स नावाचे हिरवळीच्या शास्त्राचे एक प्राध्यापक १९८५ च्या सुमारास गवताच्या एका बुरशीरोगाचा अभ्यास करीत होते. ती बुरशी त्यांनी मक्याच्या पिठावर वाढविली आणि जमिनीत मिसळून वर गवताचे बी पेरले. तुलनेसाठी एका वाफ्यात बुरशीवाचूनचे नुसते मक्याचे पीठ घातले. बुरशीचा प्रयोग यथातथाच झाला. परंतु जेथे मक्याचे पीठ पडले होते तेथे गवताचे बी नीट रुजेना. दुसरा एखादा असता तर प्रयोग फसला म्हणून हळहळला असता. यांनी पिठाकडेच लक्ष वळविले. मक्याच्या कोणत्या भागात हा गुण आहे हे शोधता शोधता ते मक्याच्या ग्लुटेनपाशी येऊन थांबले आणि १९९१ साली त्यांना त्या उपयोगाचे पेटंट मिळाले.

ग्लुटेन हे काय असते, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले स्टार्चच्या कारखान्यात कामाला आहेत त्यांना सांगावयास नको. मका गंधकाच्या वायूचा अंश असलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजत ठेवतात, मग भरडून त्यातील अंकुराचा भाग तेलासाठी वेगळा काढतात, कोंडा वेगळा करतात, आणि उरलेल्या दुधासारख्या द्रवातून स्टार्च व ग्लुटेन ही दोन निराळी करतात. स्टार्च पांढरा निघतो, ग्लुटेन पिवळे. त्यात सुमारे साठ टक्के प्रथिन असते. आपल्या देशात ते कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात जाते, आणि त्याच्या पिवळ्या रंगामुळे अंड्याचा बलकही पिवळाजर्द होतो. म्हणजे बाईंच्या कोंबड्यांविषयी मुलाने जे लिहिले ते अक्षरशः खरे आहे. उलट आम्हाला भीती अशी वाटते की, पूड आवारात पसरली आणि कोंबड्या मोकळ्या असल्या, तर सायंकाळपर्यंत तण अडविण्यास फारसे काही शिल्लक राहणार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेही ही पूड अगदी किमान धोक्याच्या पदार्थांत गणली आहे.

आता तिची करामत कशी चालते ते पाहू. बी फुटते तेव्हा प्रथम त्यातून मूळ बाहेर येते. ग्लुटेनमधील प्रथिनांचे जे अगदी लहान तुकडे पाण्यात विरघळतात, ते या कोवळ्या मुळाची वाढ खुंटवितात. कोंब वर येतो, दोन पानेही दिसतात. परंतु खाली मूळ नसते. अशा वेळी एक-दोन दिवस जमिनीचा वरचा थर कोरडा पडला, की ते पोरके रोप पाण्यावाचून माना टाकते. तेव्हा ही पूड तणाला स्वतः मारीत नाही. ती त्याचे मूळ अडविते, आणि मारण्याचे काम ऊन करते. वाचकांनी हे वाक्य विसरू नये, कारण आपल्याकडील सारा घोटाळा पुढे येथेच होणार आहे.

१९९५ साली त्याच विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ प्रकारच्या तणांवर काचघरात ही पूड वापरून पाहिली होती. घोळ, चाकवत, रानमाठ आणि कामोणी यांच्या जातीची तणे तिला लवकर बळी पडली. भातखाचरात येणाऱ्या सावा-जातीच्या गवतावर मात्र तिचा प्रभाव कमी पडला. आमच्या घरी ही यादी आम्ही मोठ्याने वाचली, तेव्हा स्वयंपाकघरातून असा शेरा आला की, आपण ज्यांची भाजी करतो तेवढीच ही पूड मारते! शेरा अगदीच चुकीचा नाही. घोळ आणि चाकवत यांना तण म्हणावयाचे की भाजी, हे ज्याच्या त्याच्या भुकेवर अवलंबून आहे. हरळीचेच पाहा ना. शेतात ती शेतकऱ्याची वैरीण आणि चर्चच्या पटांगणात आपण तिचे कौतुक करतो.

पूड किती टाकावी, याचे तिकडचे प्रमाण हजार चौरस फुटांना वीस पौंड असे आहे. आपल्या मापाने चौरस मीटरला सुमारे शंभर ग्रॅम होते. हे प्रमाण थोडे नाही. शिवाय पुडीत दहा टक्के नत्र असते. तेव्हा तण अडो वा न अडो, गवताला खत मात्र भरपूर मिळते. आयोवातील प्रयोगांत पहिल्या वर्षी तणाची उगवण निम्म्याहून अधिक घटली, आणि तीच पूड दरवर्षी टाकीत गेल्यावर पुढे आणखी फरक पडत गेला, असे आढळले.

पण ऑरेगॉन राज्यातील विद्यापीठाने हाच प्रयोग आपल्या मातीत केला, तेव्हा तेथे तण आटोक्यात आल्याचे दिसले नाही. दोन्हीकडे जाणती माणसे, दोन्हीकडे तीच पूड. मग हा भेद का? एक कारण असे सांगतात की, पुडीतील नत्राने हिरवळच दाट होते व दाट हिरवळीत तणाला जागा उरत नाही. म्हणजे यश पुडीतील खताचे, आणि श्रेय मात्र मूळ अडविण्याच्या गुणाला. दुसरे कारण पाण्याचे आहे. पूड टाकल्यावर तिला एकदा पाणी द्यावे लागते, म्हणजे ती मातीत उतरते. बी फुटल्यावर मात्र एक-दोन दिवस कोरडे लागतात. त्या दिवसांत रिमझिम चालूच राहिली, तर मूळ खुंटलेले रोप ओल्या मातीवर तग धरते, नवे मूळ सोडते आणि पुडीतील नत्र खाऊन दुप्पट जोमाने वाढते. आमच्या मते दोन्ही कारणांत तथ्य आहे. ही पूड निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिची जी जाहिरात होते तिच्या निम्म्यानेच तिच्यावर विश्वास ठेवावा.

आता खानापूरचा पाऊस आठवा. सह्याद्रीच्या कुशीतील तो तालुका. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की पुढे कित्येक दिवस सूर्याचे दर्शन नाही. गोव्यातही तेच. तणाचा मोठा लोंढा नेमका याच दिवसांत वर येतो. ज्या पुडीचे निम्मे काम उन्हाने करावयाचे, ती अशा पावसात काय करणार? जूनच्या प्रारंभी ती चर्चच्या आवारात पसरणे म्हणजे केन्याला आणि दुधीला पैसे खर्चून खत घालण्यासारखे होईल. बाईंच्या मुलाने मायेपोटी लिहिले, आणि आयोवापुरते बरोबर लिहिले. तेथे वसंतात माती हळूहळू तापते, तण ठराविक आठवड्यांत उगवते, पाऊसही मधूनमधून उघडीप देतो. आपला जून तसा नाही.

मात्र पावसाळा संपल्यावर चित्र बदलते. ऑक्टोबरपासून आकाश निरभ्र असते आणि हिरवळीला पाणी किती व केव्हा द्यावयाचे हे आपल्या हाती येते. इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदरा येथील आमच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. त्यांच्याकडे चाकवत व इतर हिवाळी तणे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उगवू लागतात. ती उगवण्यापूर्वी पूड पसरावी, एकदा पाणी द्यावे, आणि कोंब दिसू लागताच दोन दिवस नळ बंद ठेवावा. मुरलेल्या हरळीला दोन दिवसांच्या तहानेने काही होत नाही. हरळीच्या काड्या नुकत्याच लावल्या असतील तर मात्र पूड वापरू नये. त्या चांगल्या मूळ धरीपर्यंत थांबावे. कोठे गवताचे बी पेरावयाचे असेल तर तेथेही पुढील सहा आठवडे ही पूड नको, कारण बी तणाचे की आपले, हे तिला कळत नाही.

मग जूनच्या लोंढ्यासाठी काय करावे? यासाठी आम्हाला आयोवाला जाण्याची गरज वाटत नाही. आमचे वाडवडील वळवाचा पाऊस झाल्यावर लगेच पेरणी करीत नसत. पहिल्या ओलीवर तण उगवू देत, ते दोन पानांवर आले की कुळवाची एक पाळी घालून सारे उखडून टाकीत, आणि मग पेरीत. वरच्या दोन बोटे मातीतील बी अशा रीतीने स्वतःच फसून बाहेर येते आणि उन्हात मरते. खानापुरात मे महिन्यात वळवाच्या सरी बहुधा येतात. आवारात जेथे हरळी नाहीशी होऊन उघडी माती पडली आहे, तेथे पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवस वाट पाहावी आणि उन्हाच्या दिवशी खुरप्याने वरवर खरवडावे. खोल खणू नये. खोल खणले की बीलच्या बाटल्या फुटल्याच म्हणून समजा. पुन्हा सर आली तर पुन्हा खरवडावे. दोन पाळ्या मिळाल्या तर जूनचा लोंढा पुष्कळच ओसरलेला दिसेल.

कोकणातील राब हाही याच हेतूचा. भाताचे तरवे टाकण्यापूर्वी त्या जागेवर पाला, शेण व काटक्या यांचा थर पसरून भाजतात, त्याची राख खत होते हे सर्वांना माहीत आहे. त्याबरोबर वरच्या मातीतील तणाचे बीही भाजून निघते, हा त्यातील अर्धा लाभ आहे. दफनभूमीत राब भाजण्याचा सल्ला आम्ही अर्थातच देत नाही. परंतु त्याच तत्त्वाची एक निर्धूर रीत इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केली, आणि ती आपल्या उन्हाळ्याला फारच मानवते. जमीन साफ व सपाट करावी, चांगली भिजवावी, तिच्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून पसरावा आणि कडा मातीत गाडून टाकाव्या. कागद काळा नसावा. ऊन आत शिरले पाहिजे. चार ते सहा आठवडे तसेच राहू द्यावे. भर एप्रिल-मे महिन्यात त्या कागदाखालचा वरचा दोन-तीन इंचांचा थर इतका तापतो की पुष्कळशा तणांचे बी व काही रोगांची बीजेही मरतात. हैदराबादेजवळील इक्रिसॅट संस्थेने १९८० नंतरच्या दशकात तुरीवरील मररोगासाठी ही रीत तपासली होती. ती हरळी असलेल्या जागी चालत नाही, कारण हरळीही शिजेल. नवी हिरवळ करावयाच्या मोकळ्या जागेलाच ती योग्य. कागद काढल्यावर तेथे खणण्याचा मोह आवरावा आणि हरळीच्या काड्या वरवर रोवाव्या.

ग्वाल्हेरच्या बाजूच्या वाचकांपैकी कोणी विचारील की, आमच्याकडे मोहरीची पेंड ढिगांनी मिळते, तिचे काय? मोहरीच्या पेंडीतील झणझणीत द्रव्य उगवत्या बियांना मारक असते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण ते द्रव्य तयार करणारा अंश तीव्र उष्णतेने नष्ट होतो, म्हणून घाण्यावरील पेंड व गिरणीतील पेंड सारखी नव्हे. शिवाय ती कोवळ्या रोपांनाही सोडीत नाही. पाहिजे तर एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे, इतकेच.

सिरका आणि मीठ यांविषयी मात्र आम्हाला स्वानुभवाने लिहावे लागते. सिरका वर आलेल्या कोवळ्या पानांना जाळतो, मातीतील बियांना काही करीत नाही. मिठाची कथा निराळी. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घराच्या पायवाटेवरील तण जावे म्हणून आम्ही शेजाऱ्यांच्या सल्ल्याने दोन पायली जाडे मीठ विरघळवून ओतले. तण गेले. पहिल्या पावसात ते मीठ उताराने कडेच्या जास्वंदीखाली गेले आणि दिवाळीपर्यंत जास्वंदही गेली. ती आमच्या आईने लावलेली होती. पायवाटेवर तण मात्र पुढच्या वर्षी परत आले. ज्या आवाराच्या उताराखाली विहीर आहे तेथे मिठाचे नावही काढू नये.

आणखी एक अडचण आहे, व तिच्यापुढे पूड, कागद, खुरपे ही सारी हात टेकतात. ती म्हणजे लव्हाळा. लव्हाळा बियांवर फारसा अवलंबून नसतो. त्याच्या जमिनीतील गाठींतून तो पुन्हा पुन्हा फुटतो. बियांचे मूळ अडविणारी पूड गाठींना काय करणार? वर ओढला तर पान हाती येते आणि गाठ खाली हसत राहते. त्याला एकच उपाय आम्हाला लागू पडलेला दिसला आहे: कोंब वर आला की नव्या गाठी धरण्यापूर्वी दर दोन आठवड्यांनी तो गाठीसकट खोदून काढावा, आणि हरळी दाट ठेवावी. सावलीत लव्हाळा रोडावतो. हे काम एका मोसमाचे नाही. ज्याला घाई आहे त्याने लव्हाळ्याच्या वाटेला जाऊ नये.

गाजरगवताचे तसे नाही. १९५५ साली पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आज देशभर पसरले आहे. पण ते केवळ बियांवर जगते. एका मोठ्या झाडाला हजारो बिया येतात. म्हणून पांढरी फुले दिसण्यापूर्वीच ते उपटावे, हातांना मोजे घालून. अनेकांच्या कातडीला त्याने खाज सुटते. फुलावर आल्यानंतर उपटून कुंपणाबाहेर फेकणे म्हणजे पुढील वर्षाची पेरणी करणे होय.

गावातील तरुणांवर आमचा राग नाही. ते फुकट श्रमावयास तयार आहेत, ही लहान गोष्ट नव्हे. पण बाईंनी त्यांना एक प्रश्न विचारावा: जे औषध ते फवारणार ते नुसते तण मारते, की जे जे हिरवे ते सारे मारते? बाजारात सहज मिळणारी पुष्कळशी तणनाशके दुसऱ्या प्रकारची असतात. त्यांनी उरलीसुरली हरळीही जाईल, माती उघडी पडेल, आणि उघड्या मातीवर पुढल्या जूनमध्ये काय उगवेल हे आता सांगावयास नको. विहिरीचा प्रश्न त्याहून वेगळा आणि मोठा. उताराच्या वर, पावसाच्या तोंडावर, पिण्याच्या पाण्याजवळ काहीही फवारू नये, मग बाटलीवर कसलेही सुंदर चित्र असो.

तेव्हा बाईंनी सभेत असे मांडावे. मे महिन्यातील वळवानंतर तरुणांनी उघड्या जागा दोन वेळा वरवर खरवडाव्या. चर्चसमोरील जो चौकोन अगदीच ओसाड झाला आहे तेथे आजच पाणी देऊन प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि पाऊस लागताच तेथे हरळीच्या काड्या लावाव्या. थडग्यांच्या भोवतीच्या अरुंद पट्ट्यांत हरळीचा हट्ट सोडून नारळाची सोडणे किंवा पालापाचोळा चार बोटे जाड घालावा. भाताचा पेंढा घातल्यास तो चांगला झोडलेला असावा, नाहीतर यजमानांच्या थडग्याशेजारी भात उगवेल. जुलै ते सप्टेंबर गवत दर पंधरा दिवसांनी कापावे, पण मुळापर्यंत तासू नये. दीड-दोन इंच राहू द्यावे, म्हणजे तणाला फुलावर यावयास मिळत नाही आणि हरळीची सावली मातीवर राहते.

पिवळ्या पुडीसाठी मुलाकडून पैसे मागविण्याची तूर्त गरज नाही, आणि पूड तर मुळीच मागवू नये. मक्याचे ग्लुटेन आपल्याकडे पशुखाद्याच्या व्यापाऱ्याकडे मिळते. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर बाईंनी एक किलो आणावे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद असे दोन चौकोन शेजारी शेजारी आखावे. एकात नऊशे ग्रॅम पूड सारखी पसरून पाणी द्यावे. दुसऱ्यात पूड घालू नये; पण पुडीत जितके नत्र आहे तितके त्यालाही मिळावे म्हणून सुमारे दोनशे ग्रॅम युरिया तीन हप्त्यांत, दर वेळी पाणी देऊन, घालावा. असे न केल्यास यश खताचे की पुडीचे हे कळणार नाही, आणि ऑरेगॉन-आयोवाचा वाद खानापुरातही चालू राहील. दोन्ही चौकोनांत कोंब दिसू लागले की दोन दिवस पाणी बंद. कोंबड्या तेवढे दिवस कोंडून ठेवाव्या. नाताळच्या सुमारास दोन्ही चौकोनांतील तणाची रोपे नातवाकडून मोजून घ्यावी, दात आले असले तरी आकडे मोजावयास तो लहान असेल तर त्याच्या बहिणीकडून, आणि दोन्ही आकडे आम्हाला एका पोस्टकार्डावर कळवावे. आम्ही ते याच सदरात छापू.